डागाळलेली पिशवी

दिवाणखान्यातल्या हाइत्सुंगवर, म्हणजे भिंतीलगतच्या हीटरवर, नऊ टॉवेल ओळीनं वाळत घातले होते आणि त्यांच्या शेवटी, एकटी, एक पांढरीशुभ्र कापडी पिशवी. शुभदानं ती दारातूनच पाहिली. एक बूट काढून झाला होता, दुसरा तिच्या पायात तसाच राहिला.

"बघ कशी निघाली," कुंदाताई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "आधी सोड्यात उकळली. मग ती तुमची डागांची पावडर लावून तासभर ठेवली आणि मग बाथटबच्या कडेवर बसून हातानं चोळली. तुमच्या मशीनच्या बापाला निघाला नसता तो मळ. कधी धूतच नव्हते का गं ही लोकं?"

शुभदानं दुसरा बूट काढला. काल संध्याकाळपर्यंत ही पिशवी जुन्या सागवानासारखी काळपट तपकिरी होती. तो रंग मळाचा नव्हता, कॉफीचा होता. तो चढायला किती वर्षं लागली ते फक्त पिशवीच्या मालकिणीला ठाऊक, आणि पिशवीची मालकीण तीच शुभदा काम करत होती त्या दुकानाची मालकीण.

"छान निघालीय, आई," शुभदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंचे हात सोड्यानं सुरकुतले होते आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

स्वच्छतेच्या बाबतीत कुंदाताईंचं आणि स्टुटगार्टचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. नोव्हेंबरात त्या तीन महिन्यांसाठी पुण्याहून लेकाकडे आल्या. टीव्ही कळत नाही, शेजारीण बोलत नाही, भाजीवाला दारावर येत नाही. जिवाला विरंगुळा मिळाला तो केअरवोखेचा. दर आठवड्याला एका बिऱ्हाडानं जिना झाडायचा, पुसायचा आणि मग पाळीची पाटी पुढच्या दाराला अडकवायची, असा इथला शिरस्ता. कुंदाताई आल्यापासून पाटी कुणाच्याही दाराला असो, जिना त्याच पुसत. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेगेले चाळीस वर्षांत कुणाला बरं म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी एकदा पायरीवरून बोट फिरवून पाहिलं आणि कुंदाताईंना मान लववली. हे कुंदाताईंनी पुण्याला तीन वेगवेगळे फोन करून सांगितलं.

तेव्हा चूक त्यांची नव्हतीच. चूक शुभदाची होती. दुकानातले टॉवेल शुक्रवारी घरी न्यायचे आणि सोमवारी धुऊन आणायचे, ही कामगिरी तिनं आपण होऊन अंगावर घेतली होती. नोकरीतले परीक्षेचे सहा महिने, म्हणजे प्रोबेत्साइट चालू असली की माणूस अशी न सांगितलेली कामं फार करतो. काल घाईत तिनं खुंटीवरचं सगळं एका हिसक्यात ओढून पिशवीत कोंबलं, त्यात हीही आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुकान म्हणजे इलिआना केसादाची कॉफीची रोस्टरी, शहराच्या पश्चिमेला, चढाच्या रस्त्यावर. इलिआना कोस्टा रिकाची, तार्रासूच्या डोंगरातली. तिकडे शाळेच्या मोठ्या सुट्ट्या कॉफीच्या हंगामात येतात. सुट्टी म्हणजे कमरेला टोपली बांधून मळ्यात लाल फळं तोडायची, असं तिचं बालपण. शुभदा फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, पण जर्मनीत आल्यावर चार वर्षं नुसती जर्मन शिकत घरी बसलेली. ऑगस्टात इलिआनानं तिला कॉफी चाखायला बसवलं, तिचं नाक पाहिलं आणि म्हणाली, "उद्यापासून ये." नोव्हेंबरात तिच्या नवऱ्याचं, मयुरेशचं, कंत्राट संपलं. गाड्यांचे सुटे भाग करणारी त्याची कंपनी माणसं कमी करत होती. आता घरात एकच पगार उरला होता, शुभदाचा. येत्या शुक्रवारी प्रोबेत्साइट संपणार होती आणि दहा फेब्रुवारीला आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, राहण्याचा परवाना वाढवण्यासाठी तेर्मीन, ठरवून दिलेली वेळ, होती. तिथे पक्क्या नोकरीचं पत्र दाखवायचं होतं. इलिआना त्या पत्राबद्दल अजून चकार शब्द बोलली नव्हती.

पहिल्या दिवशी मात्र ती एका गोष्टीबद्दल बोलली होती. मागच्या खोलीत लाकडी घोडी होती, तिला वर गोल भोक. त्या भोकात तारेच्या कड्यावर ही पिशवी अडकवायची, आत कॉफीची पूड, वरून गरम पाणी आणि खाली भांडं. दुकानात दोन चकचकीत इटालियन मशीन होती, पण इलिआनाची स्वतःची सकाळची कॉफी या पिशवीतूनच गळायची. "ही माझ्या आईची," ती म्हणाली होती. "नुसत्या पाण्यानं विसळायची. साबण लावायचा नाही. कधीच नाही."

आणि उद्या रविवार. उद्या दुकानात रेसो.

कोस्टा रिकात डिसेंबरात घरोघरी बाळ येशूचा देखावा मांडतात. शेवाळ, मेंढपाळ, गाई आणि चोवीस तारखेच्या मध्यरात्री गवतावर बाळ. तो देखावा मनात आलं म्हणून उचलता येत नाही. नातेवाईक, शेजारीपाजारी जमवून बाळाची प्रार्थना म्हणायची, म्हणजे रेसो करायचा, सगळ्यांना कॉफी आणि केळीच्या पानात बांधून उकडलेले तमाल द्यायचे, मगच देखावा उतरवायचा. हे सगळं दोन फेब्रुवारीच्या आत. शुभदाला हे समजायला इलिआनाचा अर्धा तास खर्ची पडला होता. कुंदाताईंना घरी येऊन सांगितलं तर त्या एका वाक्यात म्हणाल्या, "म्हणजे उत्तरपूजा. त्याशिवाय मूर्ती कशी हलवतील?" इलिआनानं त्यांनाही आमंत्रण दिलं होतं. त्या रेसोची कॉफी, वर्षातून त्या एका दिवशी वीस-पंचवीस माणसांना, या पिशवीतून मिळायची.

शनिवारी इलिआना तमालांच्या तयारीसाठी घरीच होती, म्हणून पिशवी नाहीशी झाल्याचं अजून तिला कळलं नव्हतं. एवढाच काय तो दिलासा.

कुंदाताई दुपारच्या झोपेला गेल्यावर शुभदानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तारेचं कडं दुकानातच होतं. तिनं पिशवीचं तोंड चार चिमट्यांनी पातेल्याच्या काठाला अडकवलं, पूड घातली आणि उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली. कॉफीनं रंग चढला होता, तर कॉफीनंच तो परत येईल. बुडत्याला काडीचा आधार लागतो, इथे तर अख्खं अर्धा किलोचं पाकीट होतं.

मयुरेश टेबलाशी बसून कप चाखत होता.

"लव्हेंडर," पहिल्या कपाला तो म्हणाला. डागांच्या पावडरीचा वास तो.

चौथ्याला म्हणाला, "लव्हेंडर. पण जरा लाजून."

नवव्या कपानंतर त्यानं पुढचा कप बाजूला सारला. "शुभदा, सरळ सांगून टाक ना तिला."

"सांगू? शुक्रवारी प्रोबेत्साइट संपतेय आणि रविवारी सांगू, तुझ्या आईच्या आठवणीला साबण लावला म्हणून?"

"मग आईनं लावला म्हण. खरंच आहे ते. आईला कोण नोकरीवरून काढणार आहे?"

हा विचार शुभदाच्या मनात त्याच्या आधी दोन तास येऊन बसला होता. त्या विचाराची तिला लाज वाटत होती आणि तो जातही नव्हता. भाषा न कळणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं. इलिआना म्हणाली असती, जाऊ दे, त्यांना काय माहीत. आणि कुंदाताईंना कधी कळलंही नसतं.

तेवढ्यात दार उघडलं. कुंदाताई चहासाठी उठून आल्या होत्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, ओळीनं मांडलेल्या कपांकडे पाहिलं, आणि मग त्या पिशवीकडे पाहिलं.

"मी एवढी पांढरी केली," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तू परत डागवतेस?"

मग सांगावंच लागलं. शुभदानं जमेल तेवढं मऊ करून सांगितलं, पण पत्र, परवाना, रेसो यातलं मऊ होण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुंदाताई खुर्चीवर बसल्या. आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"मला दुपारीच का नाही सांगितलंस? छान निघालीय म्हणालीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई."

"आता काय बरं वाटतंय?" त्या म्हणाल्या. "इथे मला बसून बसून वीट आलाय गं. तुम्ही दोघं दिवसभर काळजीत आणि मी आपली पाहुण्यासारखी. म्हटलं एवढं तरी काम करावं. करून ठेवलं."

"उद्या तुम्ही काही बोलायचं नाही," शुभदा म्हणाली. "मी सांगेन, माझ्याकडून झालं. टॉवेल मीच आणले होते. ते खोटंही नाही."

कुंदाताई गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, हे सून म्हणून अकरा वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी चार वाजता तिघं रोस्टरीत पोचली. सतरा वेळा कॉफी गाळून पिशवीचा रंग चहा सांडलेल्या चादरीसारखा झाला होता, कुठे गडद, कुठे फिका, आणि ती शुभदाच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेली होती. आल्या आल्या, प्रार्थनेच्या आधी सांगायचं, असं तिनं घरच्या जिन्यावरच ठरवलं होतं. पण इलिआनाभोवती माणसांचा गराडा होता. कुणी बाळासाठी फुलं आणली होती, कुणी गिटार. इलिआनानं दुरूनच कुंदाताईंना पाहून छातीवर हात ठेवला आणि त्यांना पहिल्या रांगेत, देखाव्यासमोर बसवलं. शुभदाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

प्रार्थना लांबलचक होती. एक म्हातारी बाई जपमाळ ओढत पुढे म्हणायची, मागून सगळे म्हणायचे, मध्ये मध्ये गाणी. कुंदाताईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण दुसऱ्या गाण्यापासून त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तो चुकला नाही. शुभदाचं मात्र लक्ष त्या जपमाळेकडे होतं. एकेक मणी सरकत होता तशी कॉफीची वेळ जवळ येत होती. ही माळ संपूच नये असं तिला वाटत होतं. देवाकडे काही मागायचं तर मागायचं कुणाकडे, हेही तिला नीट ठरवता येईना, म्हणून तिनं गवतावरच्या त्या बाळाकडेच पाहून घेतलं.

माळ संपली. इलिआना उठून मागच्या खोलीत गेली आणि अर्ध्या मिनिटात दारात परत आली.

"शुभा, पिशवी कुठे आहे?"

शुभदा आत गेली. दार लोटून घ्यावं म्हणून वळली तर मागोमाग कुंदाताई आत आल्या होत्या. शुभदानं पर्स उघडली. "इलिआना, माझ्या हातून चूक झाली. टॉवेलांबरोबर ही घरी गेली. मी ती साबणानं धुतली."

इलिआनानं पिशवी हातात घेतली. नाकाशी नेली. चाखण्याचा धंदा करणारी बाई ती, सतरा पाण्यांखालचं लव्हेंडर तिला एका श्वासात सापडलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तू?" ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं. तू सहा महिने इथे काम करतेस. तुला कळत नाही?"

शुभदाला वाटलं, संपलं. तिला ते पत्र दिसलं, न लिहिलेलं. तेर्मीनच्या खिडकीमागची बाई दिसली. अजून एक वाक्य बोललं तर सुटका होती, आणि ते वाक्य तिनं गिळलं.

कुंदाताईंना जर्मन येत नव्हतं, पण सुनेला बोलणी बसतायत हे कळायला भाषा लागत नाही. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी इलिआनाचं मनगट धरलं. "मी धुतली," त्या मराठीत म्हणाल्या. "हिनं नाही. हिला माहीतसुद्धा नव्हतं. मला वाटलं मळकी आहे. सोडा घालून उकळली मी." आणि तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून त्यांनी आपले लाल पडलेले, सोललेले हात उलटे करून दाखवले.

"काय म्हणतात त्या?" इलिआनानं विचारलं.

शुभदा कुंदाताईंच्या हातांवरून नजर काढून इलिआनाकडे वळली. ती जे बोलणार होती त्यानं ती स्वतः खोटी पडत होती. "त्या म्हणतात," ती शेवटी म्हणाली, "त्यांनी धुतली. मला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मळकी आहे." मग तिनं जोडलं, "त्या खरं बोलतायत. मी खोटं बोलले."

इलिआनानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती खिडकीशी गेली आणि पिशवी उजेडात धरून तिची किनार उलटून पाहू लागली. किनारीच्या आत लाल दोऱ्याचे बारीक टाके होते, ओळीनं. इतकी वर्षं कॉफीच्या थराखाली ते दिसतच नव्हते. शुभदानंही कालपासून पाहिले नव्हते. तिला फक्त रंगाची पडली होती. इलिआना ओठांतल्या ओठांत मोजत होती. बारापर्यंत मोजून ती थांबली आणि कॉफीच्या पोत्यावर बसली.

बाहेर गिटार वाजत होती. कुणीतरी कॉफीचं काय झालं म्हणून हाक मारली. इलिआनानं ती ऐकली नाही.

"मी इथे यायला निघाले तेव्हा आईनं बारा पिशव्या शिवून दिल्या," ती म्हणाली. "पहिलीला एक टाका, दुसरीला दोन. एक पिशवी सहा महिने टिकते. आई म्हणाली, या संपल्या की परत ये. सहा वर्षं." तिनं पिशवी मांडीवर पसरली. "आई पाचव्या वर्षी गेली. मग मी त्या संपूच दिल्या नाहीत. सहा महिन्यांची पिशवी दोन-दोन वर्षं चालवली. ही बारावी तर चार वर्षं वापरतेय. विटली होती ती. कॉफीला वास यायचा. माझ्या नाकाला कळत नव्हतं असं वाटतं तुला?" आणि मग ती रडायला लागली, जुनं रडणं रडावं तशी, आवाज न करता.

शुभदाला काय करावं कळेना. कुंदाताईंनी तिला कोपरानं ढोसलं, "काय म्हणाली ते सांग," आणि शुभदानं सगळं सांगितलं, टाक्यांपासून पाचव्या वर्षापर्यंत. कुंदाताई ऐकून घेत होत्या. त्यांनी पिशवी इलिआनाच्या मांडीवरून उचलली, किनार चिमटीत धरून पाहिली, शिवण ताणून पाहिली, वितीनं लांबी मोजली.

"हातशिलाई आहे. मांजरपाट लागेल, जरा दाट," त्या म्हणाल्या. "तिला विचार, किती हव्यात?"

त्या दिवशी रेसोची कॉफी मशीनची झाली. जपमाळ ओढणाऱ्या म्हातारीनं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि काहीतरी बोलली. ते कौतुक नव्हतं, एवढं न समजताही समजलं. तमाल मात्र कुंदाताईंनी दोन खाल्ले आणि पातोळ्यांना हळदीचं पान कसं लागतं ते मयुरेशला पुन्हा एकदा सांगितलं. इलिआनानं देखावा स्वतःच्या हातानं उतरवला. बाळाला कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं, आणि त्याच खोक्यात, बाळाच्या अंगाखाली, ती बारावी पिशवी घडी करून ठेवली. शुभदाशी ती संध्याकाळभर बोलली नाही. निघताना दारात तिनं एक पाकीट पुढे केलं.

"बुधवारीच सही केली होती. तमालांच्या गडबडीत द्यायचं राहिलं," ती म्हणाली. "उद्या सात वाजता. आणि टॉवेल इथे धुवायचे."

शुभदानं ते पाकीट दुकानाच्या पायऱ्या उतरताना दोनदा उघडून पाहिलं. बुधवारचीच तारीख होती. म्हणजे शनिवारचे ते सतरा कप, ती कालची रात्र, सगळा जीव टांगणीला लावला तो एका लिहून झालेल्या पत्रासाठी. तिला हसू आलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. कुंदाताई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या कापडाचं दुकान उघडं असतं ना?"

पुढचे दहा दिवस त्या खिडकीपाशी बसून शिवत होत्या. पुण्याचं विमान बारा तारखेला होतं. जिना कुणीच पुसला नाही आणि फ्राउ हेगेलेंनी वर येऊन बाईंची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. दहा तारखेला शुभदा आउसलेंडरबेहोर्डेमधून परतली. परवाना मिळाला होता, चांगला तीन वर्षांचा. सांगायला ती धावतच आत आली तेव्हा कुंदाताई शेवटच्या पिशवीच्या किनारीत लाल दोरा घालत होत्या. अकरा पिशव्या मांडीशेजारी रचलेल्या होत्या, पहिलीला एक टाका, दुसरीला दोन.

"झालं ना काम? मला वाटलंच होतं," त्या वर न बघता म्हणाल्या. "हे बघ, बारा झाल्या. सहा महिन्यांना एक म्हणाली ना ती? चला, सहा वर्षांची बेगमी. संपल्या की सांग, मी येईन आणि पुढच्या शिवून देईन."

त्यांनी सुई डोळ्यांजवळ नेली, दोरा सुटला होता, तो ओवायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. शुभदा बघत उभी होती. चौऱ्याहत्तर आणि सहा, असा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला, आणि तो झाल्यावर परवान्याचं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "मी अजून कापड घेऊन येते."